नखाखालची कळ

गेल्या थंडीतली गोष्ट. एक बाई दवाखान्यात आल्या. वय चाळिशीच्या आसपास. उजवा हात छातीशी धरलेला आणि अनामिकेला मऊ कापडाची चिंधी गुंडाळलेली. जखम असेल असे समजून मी चिंधी सोडायला सांगितली. आत जखम नव्हती, सूज नव्हती, लालीही नव्हती. बोट बाकीच्या बोटांसारखेच दिसत होते. "मग ही चिंधी कशाला, ताई?" असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "वारा लागू नये म्हणून."

बोट दुखते असे त्या आठ वर्षे सांगत होत्या. थंड पाण्यात हात गेला की नखातून जी कळ निघते ती पार कोपरापर्यंत चढते. त्यामुळे धुणे-भांडी कोमट पाण्याने. फ्रीजमधले पातेले काढायचे तर डाव्या हाताने. मुलीची वेणी घालताना अनामिका वेगळी उचलून धरायची सवय लागलेली. एस.टी.त उभे असताना बोटाला कुणाचा पिशवीचा बंद जरी लागला तरी डोळ्यांपुढे अंधारी येते, असे त्यांनी सांगितले. आणि न दिसणाऱ्या दुखण्याचे घरात जे होते तेच त्यांच्याही वाट्याला आले होते. पहिले वर्षभर सगळ्यांनी चौकशी केली, दुसऱ्या वर्षापासून चेष्टा सुरू झाली.

बरोबर प्लास्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा होता. सुरुवातीला नखुरडे समजून बोटात लिंबू घालून झाले होते. मग पू नसतानाही प्रतिजैविकांचे दोन कोर्स. मग नख काढले. नवे नख आले आणि दुखणे होते तसेच राहिले. संधिवाताच्या रक्ततपासण्या, मानेचा एक्स-रे, गळ्याचा पट्टा, शिरांच्या गोळ्या, आणि सगळ्यात शेवटी झोपेची गोळी व "मनाला लावून घेऊ नका" हा सल्ला. त्या गठ्ठ्यात एक कागद माझ्या अक्षरातला निघाला. चार वर्षांपूर्वी याच बाई मला दाखवून गेल्या होत्या आणि मी 'मानेच्या मणक्यांची झीज' असे लिहून त्यांना पट्टा दिला होता. त्या दिवशी मी त्यांचे बोट नीट दाबून पाहिले होते की नाही, हे मला आठवत नाही. कागदावर तरी तसे लिहिलेले नाही.

या वेळी पाहिले. टाचणीच्या गोल डोक्याने नखावर एकेक जागा दाबत गेलो. नखाच्या कडेला काही नाही, टोकाला काही नाही, मध्यभागी काही नाही. नखाच्या मुळाशी जी पांढरी चंद्रकोर दिसते तिच्या डाव्या अंगाला टाचणी टेकली मात्र, बाईंनी हात हिसकावून घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. दोन मिलिमीटर बाजूला सरकलो तर दुखणे जवळजवळ नाही. पुन्हा त्याच जागी टेकवले तर पुन्हा तेच. मानेच्या मणक्याचे दुखणे असे टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत कधी राहत नाही. ते हातभर पसरते, मुंग्या आणते.

मग आणखी एक तपासणी केली. हिला लागणारे यंत्र प्रत्येक दवाखान्यात असते. हात थोडा वेळ वर धरायला लावून त्यातले रक्त उतरू दिले, दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधला आणि हाताचा रक्तपुरवठा थांबेल इतकी हवा त्यात भरली. आता त्याच जागी टाचणी दाबली. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. दुखले नाही. पट्ट्यातली हवा सोडली, बोटात रक्त परत आले आणि त्याबरोबर कळही परत आली. ही तपासणी पाच मिनिटांचीसुद्धा नाही. चार वर्षांपूर्वी मी ती केली असती तर त्यांची चार थंड्यांची चिंधी वाचली असती.

या आजाराचे नाव ग्लोमस ट्यूमर. 'ट्यूमर' हा शब्द ऐकला की आपल्याकडे घरभर रडारड सुरू होते, म्हणून आधीच सांगून टाकतो. ट्यूमर म्हणजे गाठ, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. ती सौम्य असू शकते किंवा कर्करोगाची असू शकते. ग्लोमस ट्यूमर जवळजवळ नेहमी सौम्य असतो. त्याचे कर्करोगी रूप इतके विरळ आहे की बहुतेक डॉक्टरांना ते आयुष्यभर पाहायलाही मिळत नाही. हा आजार जिवाला धोका करत नाही, पण जगणे नकोसे करून सोडतो.

पाटाचे पाणी आणि बोटातले दार

शेतात पाटाचे पाणी देताना आपण दारे धरतो. इकडचे दार मोडले की पाणी या वाफ्यात, तिकडचे मोडले की त्या वाफ्यात. आपल्या बोटांच्या टोकांना, नखांखालच्या कातडीत आणि तळहात-तळपायांत रक्ताची अशीच दारे असतात. रोहिणीतून आलेले रक्त एरवी केसासारख्या बारीक वाहिन्यांतून फिरून मग नीलेत जाते. पण या जागी रोहिणी आणि नीला यांना थेट जोडणारी आडवाटही असते. तिच्याभोवती स्नायूंच्या जातीच्या पेशींचे वेटोळे असते आणि त्या वेटोळ्यात मज्जातंतूंची दाट जाळी. थंडी पडली की हे दार आवळते, उकाडा झाला की उघडते, आणि त्यावर अंगातली उष्णता राखायची की बाहेर टाकायची हे ठरते. या बारीकशा अवयवाला ग्लोमस म्हणतात. तो आपल्या प्रत्येकाला असतो.

क्वचित कधी यांपैकी एका वेटोळ्यातल्या पेशी जरुरीपेक्षा जास्त वाढतात आणि त्यांची गाठ होते. गाठ तरी केवढी? बहुतेक वेळा पाच-सात मिलिमीटर, म्हणजे मसुरीच्या दाण्याएवढी किंवा त्याहूनही लहान. हीच गाठ पोटरीच्या मांसात झाली असती तर पसरायला जागा तरी मिळाली असती. पण नखाखाली वरून नखाचा टणक पत्रा, खालून हाड, आणि मध्ये ही गाठ. थंडीने तिच्यातल्या पेशी आवळतात, आतला दाब वाढतो आणि आधीच दाट असलेले मज्जातंतू पेटतात, अशी या कळेची उपपत्ती दिली जाते. एवढ्याशा दाण्याने माणूस रात्र रात्र का जागतो, हे यावरून लक्षात यावे.

हा आजार नवा नाही. १८१२ साली विल्यम वुड या स्कॉटलंडमधल्या शल्यविशारदाने कातडीखालच्या दुखऱ्या गाठींचे वर्णन लिहून ठेवले. ती गाठ नेमकी कशाची, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितले पिएर मासाँ या फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञाने, १९२४ साली. मध्ये शंभराहून अधिक वर्षे गेली. त्या काळात अशा रुग्णांना काय काय ऐकून घ्यावे लागले असेल याची कल्पना मला करता येते. कारण आजही निदानाला कित्येक वर्षे लागतात. दहा-दहा वर्षे दारोदार हिंडलेले रुग्ण जगभरातल्या डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत.

हाताला होणाऱ्या सगळ्या गाठींमध्ये या गाठीचे प्रमाण १ ते ५ टक्के सांगतात. नखाखालची गाठ स्त्रियांत जास्त, आणि साधारण तीस ते पन्नास या वयात. दुखणे दिसत नाही, सांगणारी बाई असते आणि वय असे की 'या वयात होतंच काहीतरी' म्हणायला सगळे मोकळे. निदान उशिरा होण्याचे निम्मे कारण मला इथेच दिसते. उरलेले निम्मे आम्हा डॉक्टरांचे. न पाहिलेला आजार पटकन सुचत नाही.

ओळखायच्या खुणा तीन: मधूनमधून उठणारी जीवघेणी कळ, टाचणीच्या टोकाएवढी एकच दुखरी जागा, आणि थंडीने वाढणारे दुखणे. तिन्ही एकत्र असतील तर निदान जवळपास झालेच म्हणायचे. काहींच्या नखाखाली निळसर-तांबूस ठिपका दिसतो, काहींच्या नखावर उभी रेघ किंवा चीर पडते, काहींचे नख किंचित उचललेले असते. आमच्या बाईंच्या नखावर यांतले काहीच नव्हते. हे घरी पाहायचे असेल तर बॉलपेनचे टोक आत घेऊन त्याच्या बोथट बाजूने नख हळूहळू दाबून पाहा आणि दुखरी जागा बोटभर आहे की टिंबाएवढी ते लक्षात ठेवा. मग बर्फाचा खडा किंवा माठातले पाणी लावून दुखणे वाढते का ते पाहा. दंडाला दोरी आवळून रक्तपुरवठा थांबवण्याचा प्रयोग मात्र घरी मुळीच करू नये. ते काम दवाखान्यातले.

अंगावर ठिकठिकाणी दुधाळ चहाच्या रंगाचे डाग असणारा एक आनुवंशिक आजार आहे. त्याचे नाव न्यूरोफायब्रोमॅटोसिस. अशा माणसांना एकापेक्षा जास्त बोटांत ग्लोमस गाठी होऊ शकतात. त्यामुळे असे डाग असतील तर डॉक्टरांना आवर्जून दाखवावेत.

फोटो स्वच्छ, पण दुखणे खरे

एक्स-रेमध्ये ही गाठ दिसत नाही. गाठीने वर्षानुवर्षे दाबून बोटाच्या शेवटच्या हाडाला खळगा पाडला असेल तर तो तेवढा दिसतो. म्हणून मी नेहमी दोन्ही हातांच्या त्याच बोटाचा, बाजूने घेतलेला फोटो मागवतो आणि शेजारी शेजारी धरून पाहतो. बाईंच्या फोटोत अगदी बारीक खळगा होता. जुन्या फोटोंतही तो असणार, पण ते फोटो मानेचे होते!

चांगल्या यंत्रावर, सवयीच्या माणसाने केलेली बोटाची सोनोग्राफी बरेच सांगून जाते. या गाठीत रक्त खेळत असते, त्यामुळे डॉपलरवर ती उठून दिसते. एमआरआय ही त्याहून भरवशाची तपासणी. परंतु गाठ दोन-तीन मिलिमीटरची असली तर एमआरआयमधूनही निसटू शकते. इथे रुग्णाचा घात होतो. एवढे पैसे खर्चून केलेला एमआरआय स्वच्छ आला म्हणजे आजारच नाही, असे सगळे धरून चालतात. माझे मत स्पष्ट आहे. टाचणी, बर्फ आणि रक्तदाबाचा पट्टा या तिघांची साक्ष एका बाजूला आणि एमआरआय दुसऱ्या बाजूला असेल, तर मी तिघांचे ऐकतो. एमआरआयचा मोठा उपयोग गाठ एकच आहे की दोन आणि ती नेमकी कुठे आहे, हे शस्त्रक्रियेआधी कळण्यासाठी.

या गाठीला गोळी नाही. शेकून, बामने, मालिशने ती विरत नाही. नुसते नख काढूनही उपयोग नसतो, कारण गाठ नखात नसून नखाच्या गादीखाली असते. ती शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. शस्त्रक्रिया लहान असली तरी ती नाजूक आहे. बोटाच्या मुळाशी भुलीचे इंजेक्शन देतात, रक्त थांबवण्यासाठी बोटाला रबरी पट्टी लावतात, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा चढवतात. नख उचलून त्याखालची गादी उभी चिरली की आत करड्या-तांबूस रंगाचा, मोत्यासारखा गोल दाणा दिसतो. तो अख्खा, आवरणासकट निघायला हवा. तुकडा मागे राहिला तर दुखणेही मागे राहते. नंतर गादी अतिशय बारीक धाग्याने शिवून नख पुन्हा झाकणासारखे वर बसवतात. गाठ नखाच्या कडेला असेल तर नख न काढता बाजूने चीर देऊनही ती काढता येते. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

काढलेला दाणा विकृतिशास्त्र तज्ज्ञाकडे तपासायला पाठवलाच पाहिजे. 'एवढासा तर होता, टाकून दिला' हे चालणार नाही. रुग्णानेही मोकळेपणाने विचारावे, "गाठ तपासायला पाठवली का?" यात डॉक्टरांचा अपमान होत नाही.

बाईंची शस्त्रक्रिया संक्रांतीच्या आधी झाली. पहिले दोन दिवस टाक्यांचे दुखणे होते. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंगला आल्या तेव्हा म्हणाल्या, "हे दुखणं वेगळं आहे. हे सोसतंय." बोटाचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. म्हणजे पुरते नवे नख यायला पाच-सहा महिने लागतात. पावसाळ्याच्या तोंडाशी त्या दाखवायला आल्या. नखावर एक उभी रेघ राहिली होती. ती जाईल का, असे त्यांनी विचारले. बहुधा राहील, असे मी सांगितले. गादीला चीर दिली की काहींच्या नखावर अशी खूण राहते. काही रुग्णांत गाठ पुन्हाही होते. कळ शस्त्रक्रियेनंतर थांबलीच नाही किंवा काही आठवड्यांत परत आली तर गाठीचा अंश राहिलेला असतो किंवा दुसरी गाठ नजरेतून सुटलेली असते. हेही त्यांना सांगून ठेवले आहे.

रात्री दुखणारे हाड

दुसरी गोष्ट एका मुलाची. इयत्ता नववी. वर्षभर गुडघा दुखत होता, आणि तोही रात्री. दिवसा शाळेत जायचा, पण खेळायचे त्याने सोडून दिले होते. गुडघ्याचे दोनदा फोटो झाले. दोन्ही स्वच्छ. 'वाढीच्या वयातले दुखणे आहे, जाईल' असे सांगण्यात आले होते. वडील शेतकरी, फार बोलणारे नव्हेत. निघता निघता ते एक वाक्य बोलले. "डॉक्टरसाहेब, दुखायची गोळी दिली की अर्ध्या तासात पोरगं झोपतं. नाही दिली तर तेही जागं आणि आम्हीबी जागं."

हे वाक्य ऐकून मी त्यांना परत बसवले. रात्रीचे दुखणे, एकाच पायाचे, आणि साध्या वेदनाशामक गोळीने चटकन थांबणारे. या वर्णनात बसणारी हाडाची एक सौम्य गाठ आहे. तिचे नाव ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. न्यूयॉर्कच्या हेन्री जाफे यांनी १९३५ साली ती स्वतंत्र आजार म्हणून मांडली. ही बहुधा पाच ते पंचवीस या वयात होते, मुलग्यांत मुलींपेक्षा दुपटीहून जास्त, आणि निम्म्याहून अधिक वेळा मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात. तिचा गाभा वाटाण्याएवढा, दीड-दोन सेंटिमीटरच्या आतला. हा गाभा प्रोस्टाग्लँडिन नावाचे, वेदना पेटवणारे द्रव्य मोठ्या प्रमाणात तयार करतो. अ‍ॅस्पिरिनच्या जातीच्या गोळ्या नेमके हेच द्रव्य अडवतात. म्हणून तर गोळी एवढी जादूसारखी लागू पडते. गोळीने बरे वाटणे हीच या आजाराची खूण, आणि त्यामुळेच तो लपूनही राहतो.

पण गुडघ्याचे फोटो स्वच्छ कसे? मुलाला टेबलावर निजवून दोन्ही मांड्या टेपने मोजल्या. दुखरी मांडी दोन सेंटिमीटर बारीक झाली होती. गुडघा मोकळा हलत होता. खुब्याचा सांधा आतल्या बाजूला फिरवला तेव्हा मात्र मुलाने ओठ चावला. खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते, कारण दोन्ही सांध्यांना काही मज्जातंतू सामाईक आहेत. मुलांचा गुडघा दुखत असेल आणि गुडघ्यात काही सापडत नसेल तर खुबा तपासावा, हे आम्हाला कॉलेजात घोकून घेतलेले असते. गर्दीच्या ओपीडीत ते विसरते. खुब्याच्या फोटोत हाड एका जागी जाड झालेले दिसले आणि सीटी स्कॅनमध्ये त्या जाडीच्या पोटात लपलेला गाभा. या आजारात सीटी स्कॅन एमआरआयपेक्षा सरस ठरतो. एमआरआयमध्ये भोवतालची सूज एवढी दिसते की कधीकधी जंतुसंसर्गाची किंवा कर्करोगाची शंका येते आणि घरच्यांची झोप उडते.

पूर्वी अशा गाठीसाठी हाडाचा चौकोनी तुकडा कापून काढावा लागे, कधी त्या जागी दुसरीकडचे हाड भरावे लागे. आता सीटी स्कॅनमध्ये पाहत पाहत हाडातून सुई थेट गाभ्यापर्यंत नेतात आणि रेडिओ लहरींनी तिचे टोक सुमारे ९० अंश सेल्सियसपर्यंत तापवून पाच-सहा मिनिटांत गाभा जाळून टाकतात. भूल द्यावी लागते, पण जखम टाचणीएवढी. दहातल्या नऊ किंवा त्याहून जास्त रुग्णांना एकदाच्या उपचाराने आराम पडतो. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत ही सोय आहे. या मुलाला पुण्याला पाठवले. दुसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आला. पोरगा रात्रभर झोपला होता. ते स्वतः मात्र सवयीने दोन वाजता उठून बसले होते म्हणे.

ही गाठ काही वर्षांनी आपोआप विझू शकते, हेही खरे आहे. पण तोवर रोज गोळ्या घ्यायच्या म्हणजे जठर आणि मूत्रपिंड पणाला लावायचे. आणि मुलांना अ‍ॅस्पिरिन तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये. ताप किंवा कांजिण्या असताना ते दिले तर क्वचित मेंदू व यकृताला गंभीर इजा होते.

वाढीच्या वयात पाय दुखतात हे काही खोटे नाही. पण ते दुखणे बहुधा दोन्ही पायांचे असते, आज पोटरी तर उद्या मांडी असे फिरते, चोळून दिले की थांबते, आणि सकाळी मूल उड्या मारत शाळेत जाते. एकच पाय, एकच जागा, लंगडणे, मांडी बारीक होणे, सूज, ताप किंवा वजन घटणे, यांतले काहीही दिसले तर 'वाढतंय पोरगं' म्हणून बसू नये. रात्री दुखणाऱ्या हाडात कधी जंतुसंसर्ग, कधी क्षय, कधी कर्करोगही निघतो. त्यामुळे फोटो काढायला उशीर नको.

आणखी काही दुखऱ्या गाठी

दुखऱ्या गाठींची नावे लक्षात राहावीत म्हणून डॉक्टरकीचे विद्यार्थी इंग्रजी आद्याक्षरांचा 'एंजल' हा शब्द पाठ करतात. एंजल म्हणजे देवदूत. हे नाव ज्याने ठेवले त्याला अशी गाठ झालेली नसावी! त्यातला ग्लोमस तर पाहिलाच. घर्मग्रंथींची एक गाठ त्यात आहे, ती फारच विरळ. साधी चरबीची गाठ दुखत नाही, पण तिच्यात रक्तवाहिन्यांचे जाळे असले तर ती दुखते. तरुण मुलांच्या हातावर अशा चार-सहा गाठी एकदम आढळतात. मध्यमवयीन स्त्रियांच्या पायावर कातडीखाली वाटाण्यासारखी एकच टणक गाठ असते आणि थंडीने किंवा दाबाने कळ मारते. ती बरेचदा रक्तवाहिनीच्या स्नायूंची असते. कडबाकुट्टीत बोट गेलेल्यांच्या थोटकाला हात लागला की वीज चमकल्यासारखी कळ येते. तिथे तुटलेल्या मज्जातंतूच्या टोकाला गड्डा धरलेला असतो. हे मनाचे खेळ नव्हेत.

'एंजल'मध्ये न मोडणारी एक गाठ मात्र जरा थांबून सांगायला हवी. ही गाठ धडधाकट मज्जातंतूच्या आवरणाची असते. तिच्यावर बोटाने टिचकी मारली की मुंग्या थेट हाताच्या किंवा पायाच्या टोकापर्यंत धावतात. ती बाजूला हलते, वर-खाली हलत नाही. अशी गाठ 'चरबीची आहे, दहा मिनिटांत काढून देतो' म्हणून कुणी कापू लागला तर त्याला कापू देऊ नका. तिच्याबरोबर मज्जातंतू कापला गेला तर हाताची बोटे कायमची लुळी पडू शकतात. सवयीचा शल्यचिकित्सक तीच गाठ मज्जातंतूला धक्का न लावता बहुधा सोलून काढू शकतो.

आणि न दुखणाऱ्या गाठीविषयी दोन शब्द. दुखत नाही म्हणून लोक ती वर्षानुवर्षे मिरवतात आणि दुखणारीला मात्र कर्करोग समजून घाबरतात. हाता-पायाच्या मांसातला कर्करोग सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. लिंबापेक्षा मोठी, खोल, टणक किंवा वाढत जाणारी गाठ, दुखो वा न दुखो, लगेच दाखवावी. कुठल्याही गाठीवर मालिश करू नये, डाग देऊ नये. नखाखाली काळी रेघ उमटून ती रुंद होत चालली असेल तर तो ग्लोमस नव्हे, पण तीही तज्ज्ञाला दाखवावी.

नखाखालचे दुखणे असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन किंवा हाताच्या शस्त्रक्रियांचा खास अभ्यास केलेले सर्जन यांच्याकडे जावे. जिल्हा रुग्णालयातही अस्थिरोग विभाग असतो. जाताना जुने फोटो आणि कागद तारखेप्रमाणे लावून न्या. नुसते अहवाल नकोत, फिल्मही न्या. कागदावर चार ओळी लिहून ठेवा: नेमकी कुठे दुखते, दिवसा की रात्री, कशाने वाढते, कोणत्या गोळीने किती वेळात थांबते. डॉक्टरांसमोर बसल्यावर हात दुखतो, पाय दुखतो असे सांगू नका. पेनाच्या टोकाने जागा दाखवा, आणि ती दाबून पाहिल्याशिवाय उठू नका.

पुढील आठवड्यात : टाचदुखी

(रुग्णांची ओळख पटू नये म्हणून त्यांच्या हकिकतींतले काही तपशील बदलले आहेत.)